मे महिन्यात हिंदीत होती: वनस्पतींचं श्लेषकोडं सोडवताना

आडवे शब्द, पहिला संकेत: ‘मे महिन्यात हिंदीत होती, आता लाडवात आहे.’ घरं दोन.

कोड्याचा कागद हातात आला तेव्हा नजर आधी इथेच अडकली. मे महिन्यात कोण होती? परीक्षा संपलेली असते, सुट्टी असते, आंबा असतो. लाडवात काय असतं? डिंक, खारीक, खोबरं. मग ‘हिंदीत’ कशाला घातलंय? हिंदीत ‘होती’ला काय म्हणतात? थी. मे आणि थी. मेथी! बाळंतिणीच्या लाडवातली मेथी. पहिलंच उत्तर असं उलगडलं की पुढचा सगळा कागद संपवल्याशिवाय खाली ठेवणं शक्यच नव्हतं.

हे कोडं आमच्या डोंबिवलीतल्या एका वाचनालयात श्रावणात वाटलं होतं. रचणारे सर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांना झाडांइतकीच शब्दांची हौस. ११ गुणिले ११ घरांची चौकट त्यांनी पट्टीने आखली होती आणि खाली संकेत सुवाच्य अक्षरात लिहिले होते. नियम एकच, तोही वरच लिहिलेला: बहुतेक उत्तरं अंगणातल्या, परसातल्या, मसाल्याच्या डब्यातल्या किंवा काष्ठौषधीच्या दुकानातल्या वनस्पतींची, आणि प्रत्येक संकेतात श्लेष. पूर्ण सोडवलेले कागद गणपतीच्या आधी द्यायचे होते.

रविवारच्या पुरवणीतली शब्दकोडी मी शाळेपासून सोडवते. त्यातले संकेत सरळ असतात: ‘वीज’ म्हटलं की चपला किंवा दामिनी, ‘समुद्र’ म्हटलं की सागर, सिंधू, अर्णव. शब्दसंग्रह असला की झालं. १९१३ साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आर्थर विनने छापलेलं पहिलं शब्दकोडंसुद्धा याच सरळ जातीचं होतं. गूढ संकेत नंतर इंग्लंडमध्ये रुजले. मराठीत ही आडवळणाची तऱ्हा क्वचितच भेटते, आणि मला त्याचं कायम वाईट वाटत आलंय. कारण शब्द फोडून, वाकवून खेळायची सवय आपल्याला नवी नाही. उखाणे आहेत, गोवा-कोकणातली हुमाणं आहेत, आणि शाळेत अलंकार शिकताना ‘हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस’ हे वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलेलं आहे.

तिथेच श्लेषाचे दोन प्रकारही शिकलो होतो, सभंग आणि अभंग. शब्द फोडल्यावर दुसरा अर्थ निघतो तो सभंग, आणि अख्ख्या शब्दालाच दोन अर्थ असतात तो अभंग. परीक्षेपुरती वाटलेली ही विभागणी या कोड्यात प्रत्यक्ष कामाला आली. संकेत वाचला की पहिला प्रश्न हाच विचारायचा: शब्द फोडायचाय की अख्खा ठेवायचाय? मेथी फोडायची. पण ‘बाळाच्या पायातला माठात पडला, पाणी सुगंधी झालं’ याला फोडाफोड नको. पायातला वाळा आणि माठात टाकायच्या मुळ्यांचा वाळा, शब्द एकच.

आधी सगळे संकेत एकदा वाचून काढले आणि शिसपेन्सिलीने प्रत्येकापुढे ‘स’ किंवा ‘अ’ लिहिलं. ज्यांचं ठरेना त्यांच्यापुढे रेघ. रेघाच जास्त होत्या.

मराठी कोड्याची एक गंमत जे नेहमी सोडवतात त्यांनाच कळते. इंग्रजीत एका घरात २६ पैकी एक अक्षर. आपल्याकडे घरात अख्खं अक्षर बसतं, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार या सगळ्यांसकट. आडवा शब्द उभ्याला छेदतो तिथे दोघांचं व्यंजन जुळून भागत नाही, मात्राही जुळावी लागते. रचणाऱ्याचा यात घाम निघतो, म्हणून मराठी चौकटीत काळी घरं जास्त असतात. सोडवणाऱ्याला मात्र मिळालेलं प्रत्येक अक्षर फार मोठी मदत करतं. ‘र’ मिळणं वेगळं आणि ‘री’ मिळणं वेगळं.

ही मदत काय चीज आहे ते मरव्याने दाखवलं. उभा शब्द, तीन घरं: ‘संध्याकाळच्या रागाचा काना मोडला, गजऱ्यात जाऊन बसला.’ संध्याकाळचे राग आठवायला घेतले. यमन, पूरिया, पूर्वी, श्री. चिडण्याचा राग असेल का, असाही विचार आला. तेवढ्यात तिसऱ्या घराला छेदणारा आडवा शब्द सुटला: ‘गजरेवालीला आज्ञा, पोटदुखीला उतारा.’ फुलं काय करा? ओवा! दोन घरं, ओ आणि वा. शेवटचं अक्षर ‘वा’ हातात आलं आणि क्षणात मारवा कानात घुमला. सूर्यास्ताच्या वेळचा, पंचम नसलेला, जिवाला हुरहूर लावणारा राग. त्याचा काना काढला की मरवा. दुसऱ्या टोकाला छेदणारा शब्द होता ज्येष्ठमध (‘मधमाशीने न केलेला वयस्कर मध’), त्यातला ‘म’ बिनकान्याचा, म्हणजे उत्तर पक्कं. आणि छेद कसे जुळवलेत पाहा: ओव्याच्या संकेतात गजरेवाली आणि त्याला छेदणाऱ्या शब्दात गजऱ्यातला मरवा. हे आपोआप होत नाही. रचणारा माणूस तासन्‌तास बसलेला असतो तेव्हा असं काही जमून येतं.

मरवा आमच्याकडे खिडकीत कुंडीत आहे. करडी झाक असलेली इवली हिरवी पानं, देठ किंचित तांबूस. नुसता हात फिरवला तरी बोटांना वास राहतो. अबोलीच्या गजऱ्याला स्वतःचा गंध नसतो, म्हणून मधेमधे मरव्याच्या काड्या घालतात. उत्तर लिहिल्यावर मी उठून एक काडी तोडून आणली आणि कागदावर ठेवली.

स्वयंपाकघरातून सासूबाईंचं लक्ष होतंच. डावीकडचा खालचा कोपरा त्यांच्यामुळे सुटला. ‘नावात गूळ, घशात कडू’ हे गुळवेल, ते मला आलं होतं. (गूळ एकटा असताना दीर्घ आणि वेलाला बिलगला की ऱ्हस्व, म्हणून घरात ‘गु’ लिहायचा.) गुळवेलीच्या ‘वे’पासून खाली जाणारा तीन घरांचा शब्द होता: ‘अर्धा वेडा, पुढे आफ्रिका, बाळाच्या गुटीत.’

‘‘आई, बाळगुटीत काय काय असतं हो?’’

‘‘हळकुंड, सुंठ, जायफळ, बदाम, खारीक, हिरडा, मुरुडशेंग... आणि वेखंड. तुझ्या नवऱ्याला रोज सहाणेवर उगाळून दिलंय मी.’’

वे, आणि पुढे खंड. आफ्रिका खंड! आईंना संकेत वाचून दाखवला तर त्या इतक्या खूश झाल्या की गॅस बारीक करून माझ्या शेजारी येऊन बसल्या. वेखंडाच्या ‘ड’ने पुढचा आडवा शब्द धरून ठेवला होता: ‘चंद्राचा तुकडा तमाशात शिरला, भाजलं तर लावा.’ चार घरं, शेवटी ड. आईंनी संकेत पुरता ऐकलासुद्धा नाही. भाजल्यावर काय लावायचं ते त्यांना माहीत होतं. ‘‘कोरफड लिही.’’ मग चंद्राची कोर आणि तमाशाचा फड मी त्यांना उलगडून दाखवला. त्या मागून आल्या होत्या आणि मी पुढून, दोघी एकाच शब्दावर भेटलो. श्लेषाच्या चांगल्या संकेतात हे व्हायलाच हवं. एक वाट शब्दाच्या तुकड्यांची, दुसरी वस्तूच्या उपयोगाची. वस्तू माहीत असलेल्याला शब्द सापडतो आणि शब्द फोडता येणाऱ्याला वस्तू.

वरच्या भागात तमालपत्र आडवं बसलं होतं: ‘टपालाने न येणारं पत्र.’ त्याच्या ‘प’मधून उभा कढीपत्ता: ‘ताक उकळून झालेली राहते कुठे? फोडणीत.’ कढीचा पत्ता! यावर आम्ही दोघी मनापासून हसलो. आणि त्याच तमालपत्राच्या ‘मा’पासून खाली जाणारा दोन घरांचा शब्द काही केल्या सुटेना: ‘मालवणात मला, घरोघरी केसांना.’ मालवणात मला काय? मासे? माड? केसांना माड नाही, पण खोबरेल आहे. मालवणात मला... मला काय मिळतं, काय आवडतं, असं मी ताणत राहिले.

संध्याकाळी शेजारच्या काकू नारळ घेऊन आल्या. त्या कुडाळच्या. मी म्हटलं, ‘‘काकू, तुमच्या भागातलं आहे, सांगा ना, मालवणात मला...’’

वाक्य संपायच्या आत त्यांनी हात झटकला. ‘‘माका काय इचारतंस? माका ह्यातला काय कळणा नाय.’’

आई आणि मी एकमेकींकडे पाहिलं. माका! मालवणीत ‘मला’ म्हणजे माका, आणि केसांच्या तेलात घालतात तोही माका. ‘मालवणात’ हा शब्द जागेसाठी नव्हता, बोलीसाठी होता. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नारळ खाली ठेवला आणि माक्याबद्दल सांगायला बसल्या. शेताच्या बांधाला, पाणी झिरपतं तिथे उगवतो. बटणाएवढी पांढरी फुलं. पानं चुरडली की रस बोटांवर काळा पडतो, आणि त्यांची आई पावसाळ्यात तो रस तेलात कढवायची. श्लेष न कळताच त्यांनी उत्तर दिलं होतं, आणि वनस्पती मात्र त्या माझ्यापेक्षा कितीतरी जवळून ओळखत होत्या.

यानंतर मला सरांची तऱ्हा कळू लागली. प्रत्येक संकेतात एक शब्द असा असतो की तो कुठल्या बाजूने वाचायचा यावर सगळं ठरतं. ‘हिंदीत’, ‘मालवणात’, ‘आज्ञा’, ‘काना मोडला’ हे सगळे खुणेचे शब्द. आणि हे इंग्रजीची नक्कल करून येणार नाहीत. काना, मात्रा, शब्दाचं लिंग बदलणं, ‘ओवा’, ‘आवळा’ अशी आज्ञार्थाची रूपं, आणि पलीकडच्या गल्लीत बोलली जाणारी दुसरी बोली, हा माल मराठीतच आहे. ‘हिरडीचा नवरा त्रिफळ्यात’ म्हणजे हिरडा. ‘नेसायचं वस्त्र एका कान्याने शंकराला वाहिलं’ म्हणजे धोतरा. ‘हिंदीत उशीत, मराठीत मारुतीच्या गळ्यात’ म्हणजे रुई. आणि ‘गाठ सैल झाली तर च्यवनऋषी काय म्हणतील?’ याचं उत्तर आवळा! च्यवनप्राशात मुख्य तोच असतो. मला विचाराल तर सगळ्या कागदातला सर्वांत रेखीव संकेत हा. त्यात एक शब्द जास्तीचा नाही, आणि ऋषींच्या तोंडी अगदी साधी घरगुती आज्ञा.

काही छेद पाहून सरांचं वनस्पतिशास्त्रही दिसत होतं. बडीशेप (‘हिंदीत मोठी, इंग्रजीत आकार, बिलाबरोबर हजर’) आडवी आणि तिच्या ‘शे’मधून खाली शेपू (‘शेपूट शेवटी तुटलं, भाजी झाली’). मला आधी वाटलं केवळ अक्षर जुळलं म्हणून. पण दोन्ही एकाच कुळातल्या आहेत. ओवा, जिरं, कोथिंबीर, गाजर हीसुद्धा त्याच कुळातली, आणि फुलोरा सगळ्यांचा छत्रीसारखा उलगडलेला. तसंच तुळशीच्या ‘स’ला सब्जा जोडलेला (‘हिंदीत सगळे, मराठीत निघा, फालुद्यात फुगा’). तुळस आणि सब्जा तर सख्खे चुलत.

मला मनापासून आवडलेला संकेत मात्र दोन घरांचा होता: ‘नाणेघाटात कोरली, आजीने तेलात उकळली.’ हे सुटायला कष्ट पडले नाहीत, कारण नाणेघाट मी पाहिलेला आहे. घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात भिंतीवर सातवाहनांचा लेख आहे. नागनिका राणीचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे, आणि त्यात यज्ञांची, दक्षिणा दिलेल्या गाई-घोड्यांची मोजदाद आहे. लिपी ब्राह्मी. जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ही लिपी उलगडली तोपर्यंत शेकडो वर्षं या घाटातून ये-जा करणाऱ्यांसाठी ती नुसती नक्षी होती. आणि दुसरी ब्राह्मी ओलसर जमिनीवर पसरणारी, जिचं तेल डोक्याला थंडावा देतं म्हणून आजी उन्हाळ्यात चोळायची. तीही सरळ नाही. ब्राह्मी या नावाने दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, एक छोट्या मांसल पानांची जलब्राह्मी आणि दुसरी गोलसर पानांची मंडूकपर्णी. दोन हजार वर्षांपूर्वीचा दगड आणि आजीची तेलाची बाटली एका ओळीत आणणारा संकेत कुणीतरी मराठीत लिहिला याचा मला फार आनंद झाला. मी तो लगेच वडिलांना फोन करून वाचून दाखवला.

शेवटी उरला एक. उभा शब्द, घरं दोन: ‘हिच्यावाचूनही गेला.’

बस, एवढंच. वनस्पतीची खूण नाही, औषधाची नाही, फोडायला काही नाही. कोण गेला? राजा? उन्हाळा? शेवटचं अक्षर माहीत होतं, कारण तिथून आडवा माठ जात होता (‘भाजी, भांडं आणि बुद्धू’, एका शब्दाचे तीन अर्थ). म्हणजे शेवटी ‘ठ’. ‘हिच्या’ म्हटलंय, म्हणजे शब्द स्त्रीलिंगी. मी कागदाच्या कडेला ठने संपणारे स्त्रीलिंगी शब्द लिहीत गेले. पाठ. गाठ. मूठ. वेठ. भेट नाही, तिथे ट. पाठीवाचून कोण जाईल? भेटीवाचून जातात, गाठीवाचून नाही.

आई म्हणाल्या, ‘‘अगं, वनस्पती हवी ना?’’ ठने संपणारी वनस्पती. मग मी गुटीची यादी पुन्हा मनात म्हटली. हळकुंड, आणि त्याच्या पुढचा शब्द. सुंठ! सुंठीवाचून खोकला गेला! खोकल्याचा उल्लेखही न करता सरांनी अख्खी म्हण दोन शब्दांत गुंडाळली होती. सभंग नाही, अभंगही नाही; म्हणीतलं नाव आणि क्रियापदाचा कर्ता दोन्ही काढून घेऊन उरलेला सांगाडा पुढे ठेवलेला. मी पेन्सिल खाली ठेवली आणि आईंना टाळी दिली.

कागद द्यायला गेले तेव्हा सर वाचनालयातच होते. सगळं बरोबर असल्याचं त्यांनी पाहिलं. मग मी माझी एकच हरकत सांगितली, ती दूर्वांबद्दलची. ‘लांबून दाद द्या, मग गणपतीला वाहा’ असा संकेत होता. दूर आणि वा. ऐकायला झकास, पण कागदावर ‘दूरवा’ तीन घरांचा होतो आणि दूर्वा दोन घरांची. जोडाक्षराने एक घर गिळलेलं आहे. बाकीचे बहुतेक संकेत लिहिलेल्या अक्षरांना प्रामाणिक असताना हा उच्चारावर चालतो, तर तशी खूण हवी होती, ‘कानाला’ किंवा ‘म्हणून पाहा’ असं काहीतरी.

सर म्हणाले, ‘‘बरोबर आहे तुमचं. पण र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो ही मराठीची रीतच आहे. ती खेळात घ्यायची नाही?’’

‘‘घ्यायची, सर. पण सांगून.’’

त्यांनी माझ्याच कागदाच्या कडेला ‘दूर्वा: कानाची खूण’ असं टिपून घेतलं आणि म्हणाले, पुढचं कोडं झाडांवर करतोय, वड, पिंपळ, उंबर वगैरे, तर संकेत सुचले तर पाठवा.

माझा एक तयार आहे. तीन घरं: ‘फरसाणातून एक उचल, मग सूर लाव, आमटीत मिळेल.’